आधी मोजणी, मग बचत, त्यानंतर सौर संच: कमी ऊर्जेच्या काळासाठी महाविद्यालयांनी करायची तयारी

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत ऊर्जेचा विषय बहुधा नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, भेटीपूर्वी निघतो. त्या मूल्यांकनासाठी पर्यायी ऊर्जा, हरित लेखापरीक्षण आणि पाण्याचे व्यवस्थापन यांची माहिती द्यायची असते, म्हणून घाईने अहवाल करून घेतला जातो, छतावर सौर पॅनेल बसतात, त्यांची छायाचित्रे फाइलला लागतात आणि पुढच्या फेरीपर्यंत ती फाइल कोणी उघडत नाही. दरम्यान प्रयोगशाळांत वातानुकूलन यंत्रे वाढतात, प्रत्येक वर्गात प्रोजेक्टर येतो, सीसीटीव्ही आणि सर्व्हर चोवीस तास चालतात, आणि वीजबिल दरवर्षी चढते. बिल भरण्याचा भार विनाअनुदानित संस्थेत शेवटी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर येतो आणि अनुदानित संस्थेत ग्रंथालय व प्रयोगशाळेच्या तरतुदीवर येतो. त्यामुळे हा विषय जितका पर्यावरणाचा आहे तितकाच शिक्षणाच्या पैशाचाही आहे.

पुढे वीज महाग आणि कधी कधी बेभरवशाची होईल, हे धरून तयारी करायला हवी. माझे ठाम मत असे की या तयारीत क्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे. वापर मोजल्याशिवाय बचत करता येत नाही, आणि बचत केल्याशिवाय सौर संच बसवला तर गळतीला पुरवण्यासाठीच पैसे खर्च होतात. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

पहिला टप्पा: जबाबदारी ठरवणे

ऊर्जेचा हिशेब कोणाकडे आहे, असे विचारल्यास बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. बिल लेखापाल भरतात, दुरुस्ती वायरमन करतो, खरेदी संस्थेचे कार्यालय करते आणि वापर सर्वजण करतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. याच समितीने एका प्राध्यापकाची ऊर्जा समन्वयक म्हणून लेखी नेमणूक करावी, त्याचा अध्यापनाचा भार थोडा कमी करावा आणि दर सत्राला त्याच्याकडून वापराचा तक्ता मागवावा. समन्वयक भौतिकशास्त्राचाच असावा असे नाही. वायरमन, लेखापाल, वसतिगृहाचे रेक्टर आणि प्रयोगशाळा परिचर यांच्याशी ज्याचे बोलणे आहे, अशी व्यक्ती या कामाला अधिक उपयोगी पडते, कारण कोणत्या खोलीतले कोणते बटण रात्री बंद होत नाही हे याच मंडळींना ठाऊक असते.

दुसरा टप्पा: वीजबिल वाचणे आणि मीटरपाशी जाणे

मागील तीन वर्षांची सर्व बिले एकत्र करून एका तक्त्यात महिनावार युनिट, कमाल मागणी (महिन्यात एका वेळी पडलेला सर्वाधिक भार), पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेचे प्रमाण) आणि एकूण रक्कम हे चार आकडे भरावेत. हे काम वाणिज्य शाखेचे दोन विद्यार्थी एका दुपारी करू शकतात आणि त्यातून निघणाऱ्या गोष्टी अनेकदा व्यवस्थापनालाही नव्या असतात.

उच्चदाब जोडणी असलेल्या ग्राहकाला कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या, म्हणजे मंजूर करून घेतलेल्या कमाल मागणीच्या, ठरावीक टक्क्यांवर तरी मागणी आकार भरावाच लागतो, मग प्रत्यक्ष मागणी तितकी जावो वा न जावो. इमारत बांधताना भविष्याचा विचार करून 200 केव्हीए मागणी मंजूर करून घेतली आणि तीन वर्षांत ती कधीही 90 च्या वर गेली नाही, तर फरकाचे पैसे दरमहा विनाकारण जात असतात. अशा वेळी महावितरणकडे मागणी कमी करण्याचा अर्ज करावा. या सुधारणेला अर्ज आणि पाठपुरावा यांखेरीज काही लागत नाही.

पॉवर फॅक्टरचेही असेच आहे. 2020 पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएच या एककावर, म्हणजे वापरलेल्या युनिटांना पॉवर फॅक्टरने भागून येणाऱ्या आकड्यावर, निघते. पॉवर फॅक्टर 0.90 असेल तर प्रत्यक्षात 100 युनिट वापरूनही सुमारे 111 युनिटांचे पैसे द्यावे लागतात. मीटर रूममधील, पॉवर फॅक्टर सुधारणारे कॅपॅसिटर पॅनेल चालू आहे का, त्यातील कॅपॅसिटर निकामी झालेत का, हे परवानाधारक ठेकेदाराकडून तपासून घ्यावे. अनेक ठिकाणी हे पॅनेल बसवल्यापासून कोणी उघडलेले नसते.

आता मीटरपाशी जाऊ. शनिवारी रात्री 11 वाजता आणि रविवारी सकाळी 6 वाजता मुख्य मीटरचे रीडिंग घ्यावे, फरक काढावा आणि मीटरवर गुणक लिहिलेला असल्यास त्या गुणकाने तो गुणावा. महाविद्यालय पूर्ण बंद असताना या सात तासांत 35 युनिट जळले, तर त्याचा अर्थ कोणीही नसताना 5 किलोवॅटचा भार अखंड चालू आहे. वर्षाच्या 8,760 तासांना गुणल्यास हा आकडा 43,800 युनिट होतो, म्हणजे जवळजवळ 30 किलोवॅटच्या सौर संचाची वर्षभराची निर्मिती. लाखो रुपये खर्चून छतावर जे निर्माण करायचे, तेवढेच रात्री कोणाच्या लक्षात न येता वाहून जात असते.

हा भार शोधण्यासाठी त्याच रात्री वायरमनला सोबत घेऊन वितरण पॅनेलवरील एकेक एमसीबी (त्या-त्या जोडणीचा स्विच) खाली करत मीटरवरील भार पाहावा. सीसीटीव्ही, सर्व्हर, जीवशास्त्र विभागाचे डीप फ्रीझर अशा चालूच राहायला हव्या असलेल्या जोडण्या आधी नोंदवून त्यांना हात लावू नये. उरलेल्यांत बहुधा पिण्याच्या पाण्याचे कूलर, संगणक कक्षातील बंद न केलेले संच व यूपीएस, रिकाम्या सेमिनार हॉलचे वातानुकूलन, दिवसाही जळणारे मैदानावरचे दिवे आणि भरलेली टाकी पुन्हा भरत राहणारा पंप सापडतो. ट्रान्सफॉर्मर स्वतःचा असेल तर त्याची चोवीस तासांची लोह-हानीही (भार नसतानाही ट्रान्सफॉर्मरमध्ये वाया जाणारी वीज) यात येते. कॅम्पसवर गरजेपेक्षा जास्त ट्रान्सफॉर्मर असतील, तर दीर्घ सुट्टीत एकावर भार आणून दुसरा बंद ठेवण्याबाबत विद्युत अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

यानंतर इमारतनिहाय सबमीटर बसवावेत. मुख्य इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, भोजनगृह आणि पाण्याचे पंप एवढी विभागणी सुरुवातीला पुरते. सखोल तपासणीसाठी ऊर्जा दक्षता ब्यूरो म्हणजे बीईईचा प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक नेमावा. महाऊर्जा या राज्य शासनाच्या ऊर्जा विकास संस्थेकडेही यासाठी विचारणा करता येते. अहवालातील प्रत्येक शिफारशीपुढे खर्च, वार्षिक बचत आणि परतफेडीचा काळ लिहून द्यावा, अशी अट कार्यादेशातच घालावी.

तिसरा टप्पा: पंखे, दिवे, पंप आणि वेळापत्रक

आपल्या महाविद्यालयांत सर्वाधिक संख्येने असलेले उपकरण म्हणजे छताचा पंखा. साधा पंखा 70 ते 75 वॉट घेतो आणि तेवढाच वारा देणारा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण 28 ते 35 वॉटमध्ये चालतो. एखाद्या महाविद्यालयात 500 पंखे दिवसाला 6 तास आणि वर्षाला 200 दिवस चालतात असे धरले आणि दर पंख्यामागे 45 वॉट वाचले, तर वर्षाला 27,000 युनिटांची बचत होते. सगळे पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. सर्वाधिक तास चालणारे पंखे, म्हणजे वाचनकक्ष, वसतिगृह, कार्यालय आणि दोन सत्रांत वापरले जाणारे वर्ग, आधी घ्यावेत. महिन्यातून चार वेळा उघडणाऱ्या सभागृहाचे पंखे शेवटी बदलले तरी चालतात. काढलेले जुने पंखे मात्र लिलावातच काढावेत. ते जिमखान्यात किंवा एनएसएसच्या खोलीत पुन्हा लागले, तर बचत कागदावरच राहते. ट्यूबलाइटचा हिशेब सोपा आहे: जुनी नळी चोकसह 50 वॉटच्या आसपास घेते, एलईडी 18 ते 20.

वातानुकूलन जिथे खरोखर आवश्यक आहे, तिथे तापमान 24 अंशांवर ठेवावे. एक अंश वाढवल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते, असे बीईईचे सांगणे आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोला या कोरड्या उष्ण हवेच्या भागात डेझर्ट कूलर उत्तम काम करतो आणि वातानुकूलनापेक्षा कितीतरी कमी वीज घेतो. कोकणातील दमट हवेत मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे हवा खेळती ठेवणे हाच मार्ग आहे. राज्यभरासाठी एकच शिफारस करणारे अहवाल म्हणूनच फारसे कामाचे नसतात.

पंपांकडे दुर्लक्ष होते. 30 मीटर उंचीवर पाणी चढवताना पंपाची एकूण कार्यक्षमता 40 टक्के धरली, तर एका युनिटमध्ये सुमारे 5,000 लिटर पाणी चढते. आपल्या पंपाला यापेक्षा बरीच जास्त वीज लागत असेल, तर गळका फूट व्हॉल्व्ह, झिजलेला इंपेलर किंवा गरजेपेक्षा मोठी मोटर यांपैकी काहीतरी आहे. प्रत्येक टाकीवर फ्लोट स्विच बसवला की ओसंडणारे पाणी आणि त्यामागची वीज एकाच वेळी थांबते.

बिनखर्चाचा आणि माझ्या मते सर्वात दुर्लक्षित उपाय वेळापत्रकात आहे. दुपारी चारनंतर तीन इमारतींत मिळून सहा वर्ग चालू असतील, तर त्यांना एका इमारतीत आणल्याने दोन इमारतींचे जिने, व्हरांडे, स्वच्छतागृहे आणि वायफाय यांचा भार थांबतो. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरचे पश्चिमेकडील वर्ग सकाळच्या सत्राला द्यावेत, दुपारी तळमजला वापरावा. विदर्भात उन्हाळ्यात सकाळचे वर्ग भरवण्याची रीत जुनीच आहे. परीक्षेची वेळापत्रके करतानाही विद्यापीठांनी तिचा विचार करायला हवा.

चौथा टप्पा: इमारत थंड ठेवणे

पुण्याच्या फर्ग्युसनसारख्या जुन्या महाविद्यालयांच्या दगडी भिंती, उंच छत आणि रुंद व्हरांडे पाहिले, तर विजेशिवाय वर्ग सुसह्य कसा ठेवायचा हे त्या बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते हे कळते. गेल्या काही दशकांत आपण सपाट स्लॅब, बुटके छत आणि पश्चिमेला काचेची तावदाने असलेल्या इमारती उभ्या केल्या, आणि त्या थंड करण्यासाठी यंत्रे आणली. असलेल्या इमारती पाडता येत नाहीत, पण सुधारता येतात. स्लॅबवर चुन्याचा किंवा ऊन परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचा लेप, किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, यांमुळे वरच्या मजल्याचे तापणे लक्षणीय कमी होते. चुन्याचा लेप पावसाळ्यात उतरतो, म्हणून दर फेब्रुवारीत तो पुन्हा देण्याची तरतूद अंदाजपत्रकात ठेवावी. पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून छज्जा किंवा बांबूच्या चटया लावाव्यात. आतील पडदा उजेड अडवतो, पण उष्णता काचेतून आधीच आत आलेली असते. त्याच बाजूला कडुलिंब, करंज यांसारखी स्थानिक झाडे लावावीत.

नवी इमारत बांधणाऱ्या संस्थेने आराखडा मंजूर करण्यापूर्वी वास्तुविशारदाला एकच प्रश्न विचारावा: वीज गेली तर या इमारतीत मे महिन्याच्या दुपारी परीक्षा घेता येईल का? तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संशोधन संस्थेचा वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी उभारलेला विटांचा, जाळीदार भिंतींचा परिसर या दृष्टीने संस्थाचालकांनी एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावा.

पाचवा टप्पा: वसतिगृह आणि भोजनगृह

आंघोळीच्या पाण्याला किती ऊर्जा लागते याचा अंदाज सहसा नसतो. एका विद्यार्थ्यासाठी 25 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला सुमारे 0.6 युनिट लागते, म्हणजे 300 विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला रोज 175 युनिटांच्या आसपास. सौर बंब हा यावरचा सिद्ध उपाय आहे, परंतु त्यात एक अडचण येते. कूपनलिकेचे पाणी जड असलेल्या भागांत क्षार साचून नळ्या दोन-तीन वर्षांत निकामी होतात आणि मग विद्यार्थी खोलीत हीटर रॉड लावू लागतात, जे धोक्याचेही आहे. अशा ठिकाणी हीट एक्स्चेंजर असलेला, म्हणजे जड पाणी थेट नळ्यांत न जाणारा, संच घ्यावा आणि वार्षिक देखभालीचा करार खरेदीबरोबरच करावा. पावसाळ्यासाठी हीट पंप (हवेतील उष्णता घेऊन पाणी तापवणारे यंत्र) जोडल्यास साध्या गीझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत काम होते. गरम पाण्याची वेळ ठरवून ती पाळली, तर लांबच्या नळापर्यंत थंड पाणी वाया घालवण्याचे प्रमाणही घटते.

भोजनगृहातील ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करण्याची दोन तंत्रे महाराष्ट्रातच विकसित झाली आहेत: भाभा अणुसंशोधन केंद्राचे निसर्गऋण आणि पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी विकसित केलेले छोटे संयंत्र. 100 किलो खरकट्यापासून दिवसाला साधारण 8 ते 10 घनमीटर वायू मिळतो, जो साडेतीन ते चार किलो एलपीजीइतका असतो. संयंत्र बंद पडण्याचे नेहमीचे कारण तांत्रिक नसते, तर खरकट्यात प्लास्टिक, हाडे आणि लिंबाच्या साली एकत्र येणे हे असते. म्हणून ताट घासण्याच्या जागीच वेगवेगळे डबे ठेवावेत आणि संयंत्राची देखभाल भोजनगृहाच्या ठेक्याच्या अटींत लिहावी. आदल्या रात्री भिजवलेली कडधान्ये, झाकून शिजवणे आणि मोठे प्रेशर कुकर या घरोघरी माहीत असलेल्या गोष्टी ठेकेदाराच्या स्वयंपाकघरात पाळल्या जातातच असे नाही. सिलेंडरचा खर्च ठेकेदाराच्या माथी असला तरी तो शेवटी मासिक खानावळ दरातच येतो.

सहावा टप्पा: सौर संच

वापर आटोक्यात आल्यावर उरलेल्या गरजेपुरता सौर संच बसवावा. महाराष्ट्रात 1 किलोवॅट क्षमतेमागे सरासरी दिवसाला 4 युनिट मिळतात आणि सावली नसलेले सुमारे 10 चौरस मीटर छत लागते. 50 किलोवॅटचा संच त्यामुळे वर्षाला 70,000 युनिटांच्या आसपास देतो. स्वतःचा पैसा घालून संच घ्यावा, की भांडवल न गुंतवता रेस्को पद्धतीने दीर्घ मुदतीच्या करारावर वीज विकत घ्यावी, हा निर्णय संस्थेच्या शिलकीवर अवलंबून आहे. करारातील दरवाढीचे कलम आणि छत दुरुस्तीच्या वेळी पॅनेल हलवण्याचा खर्च कोणाचा, हे कलम मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

तीन गोष्टी विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत. पहिली, महाविद्यालयात सर्वाधिक निर्मिती एप्रिल-मे महिन्यांत होते आणि त्याच काळात सुट्टीमुळे वापर तळाला असतो. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रीडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत, वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे संच वार्षिक वापरापेक्षा मोठा घेऊ नये. दुसरी, सौर संच बसल्यावर ग्रीडमधून घेतलेली प्रत्यक्ष वीज घटते, पण पंप आणि पंख्यांची रिअॅक्टिव्ह गरज, म्हणजे मोटरच्या चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी वीज, तेवढीच राहते. मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर त्यामुळे खाली येतो आणि केव्हीएएच बिलात अपेक्षित बचत दिसत नाही. यासाठी कॅपॅसिटर पॅनेल किंवा इन्व्हर्टरची मांडणी नव्याने करून घेण्याची अट निविदेतच असावी. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, ग्रीडला जोडलेला साधा सौर संच वीज गेल्यावर सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. भर उन्हात छतावर 50 किलोवॅट असूनही खाली अंधार राहतो.

सातवा टप्पा: वीज नसतानाची तयारी

कमी ऊर्जेच्या काळात पुरवठा महाग होईल तसा तो कधी कधी बेभरवशाचाही होईल. भारनियमनाची वर्षे महाराष्ट्र विसरलेला नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला तेव्हा मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. आज अनेक विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्या काही वेळ आधी ऑनलाइन येतात आणि केंद्रावरच छापल्या जातात. त्या अर्ध्या तासात वीज गेली, तर संगणक, इंटरनेट, प्रिंटर आणि झेरॉक्स यंत्र ही चार साधने चालू राहणे एवढीच खरी गरज असते, आणि ती काही किलोवॅटची असते. त्यासाठी संपूर्ण इमारतीचा डिझेल जनरेटर सुरू करणे हा अपव्यय आहे.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने अत्यावश्यक भारांची यादी करावी: परीक्षा कक्ष, सर्व्हर, प्रयोगशाळेतील रसायने व जैविक नमुन्यांचे फ्रीज, पिण्याच्या पाण्याचा एक पंप, वसतिगृहाचे जिने व स्वच्छतागृहांतील दिवे. या भारांचे वायरिंग वेगळ्या पॅनेलवर आणावे आणि त्याला हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रीड बंद असतानाही सौर पॅनेल व बॅटरीवर चालणारा) व बॅटरी जोडावी. वर्षातून एकदा, सत्र चालू असताना, सूचना देऊन मुख्य स्विच तीन तास बंद ठेवावा आणि काय काय अडले ते लिहून काढावे. पाण्याचीही अशीच परीक्षा घ्यावी. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि टँकरने येणाऱ्या प्रत्येक लिटरमागे डिझेल जळते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आपल्या परिसरातील तलाव आणि विहिरी जपून पाण्याची बरीच गरज आवारातच भागवली आहे. मोठे आवार असलेल्या प्रत्येक संस्थेने त्या कामाचा अभ्यास करावा.

आठवा टप्पा: पैसा, प्रवास आणि अभ्यासक्रम

बचत झालेली रक्कम सर्वसाधारण खात्यात विरून गेली, तर पुढच्या कामाला निधी उरत नाही. पहिल्या वर्षीच्या बिलावर आधाररेषा ठरवून, त्याखाली वाचलेल्या रकमेचा किमान अर्धा भाग स्वतंत्र फिरत्या निधीत वळवण्याचा ठराव विकास समितीने करावा. कॉन्ट्रॅक्ट डिमांड आणि पॉवर फॅक्टर यांतून आलेल्या पैशातून पंखे, पंख्यांच्या बचतीतून सौर बंब, असा क्रम लावता येतो. खरेदी समितीनेही फक्त किमान किमतीची निविदा न पाहता उपकरणाच्या आयुष्यभराचा वीजखर्च जोडून तुलना करावी.

प्रवासाबाबत थोडक्यात सांगायचे, तर ग्रामीण महाविद्यालयात एसटीच्या वेळा आणि वर्गाच्या वेळा जुळत नसल्यामुळे विद्यार्थी दुचाकी घेतात. जूनमध्ये वेळापत्रक छापण्यापूर्वी प्राचार्यांनी गावनिहाय विद्यार्थिसंख्येची यादी घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटावे. गरज पडल्यास फेरीऐवजी पहिल्या तासाची वेळ वीस मिनिटांनी हलवावी.

पर्यावरण अभ्यास हा विषय पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना आहे आणि त्याचे प्रकल्प बहुतांशी एकमेकांच्या वह्यांतून उतरवले जातात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. त्याच प्रकल्पात भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी छतांचा व सावल्यांचा नकाशा करावा, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रवासाचे सर्वेक्षण करावे, तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांनी पंपांची कार्यक्षमता मोजावी. एका तुकडीचे आकडे पुढच्या तुकडीला तपासायला द्यावेत, म्हणजे नक्कल करण्यात अर्थ उरत नाही. 2016 मध्ये सुरू झालेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानाने अभियांत्रिकी महाविद्यालयांना जिल्ह्याच्या प्रश्नांशी जोडण्याची वाट घालून दिली आहे. आपल्या आवारात मोजणी शिकलेले विद्यार्थी तीच पद्धत ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा योजनेवर वापरू शकतात, आणि थकीत वीजबिलामुळे बंद पडलेल्या नळयोजनांच्या गावांना अशा मोजणीची आज गरज आहे.

सुरुवात जुलैमध्ये करावी. पहिल्या महिन्यात समन्वयकाची नेमणूक, बिलांचा तक्ता आणि शनिवार रात्रीचे रीडिंग, दिवाळीपूर्वी कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा अर्ज आणि सबमीटर, दुसऱ्या सत्रात लेखापरीक्षण व पंख्यांची पहिली खेप, फेब्रुवारीत छताचा लेप. सौर संचाची निविदा दुसऱ्या वर्षाच्या जुलैत काढावी. तोपर्यंत किमान आठ महिन्यांचे सबमीटरचे आकडे हाती आलेले असतील आणि किती किलोवॅट हवेत हे संस्थेला विक्रेत्याकडून विचारून घ्यावे लागणार नाही.